दिसला तोवर बसलाही

वाशिमच्या बसस्थानकातून अकोल्याकडे निघालेली एसटी गावाबाहेर पडता पडताच ताशी ३२ किलोमीटरचा वेग ओलांडते. मालेगाव, मेडशी, पातूर या रस्त्यावर कोणी तेवढ्याच वेगाने गाडी हाकत राहिला तर मागचे हॉर्न वाजवून त्याला हैराण करतील. फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश हेवीवेट बॉक्सरची मूठ १९८५च्या सुमारास संशोधकांनी मोजली, तेव्हा निशाण्यावर आदळतानाचा तिचा वेग भरला सेकंदाला ८.९ मीटर. तासाचा हिशेब केला तर ३२ किलोमीटरच. जगातल्या बलाढ्य ठोसेबाजांपैकी एकाचा हात, आणि वेग रेंगाळणाऱ्या एसटीचा!

मग हा ठोसा चुकवता का येत नाही? कारण वेगात दहशत नाही, ती अंतरात आहे. ब्रुनोची मूठ हलायला लागल्यापासून एक दशांश सेकंदात ४९ सेंटिमीटर पुढे गेली होती आणि प्रवास संपला होता. ताशी १४० किलोमीटरने चेंडू टाकणारा गोलंदाज फलंदाजाला जवळजवळ अर्धा सेकंद देतो. मुठीइतकाच कमी वेळ त्याला द्यायचा असेल तर गोलंदाजाने चेंडू चार मीटरवरून सोडायला हवा. आणि ही ब्रुनोची गोष्ट झाली, ज्याला कोणी चपळ म्हणत नसे.

चपळ कोण होता ते सगळ्यांना माहीत आहे. १९६९च्या मे महिन्यात ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी साप्ताहिकाने मुहम्मद अलीचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, यंत्राने मोजला. अलीचा बॉक्सिंगचा परवाना तेव्हा काढून घेतलेला होता, वय २७, म्हणजे ऐन उमेदीत तो घरी बसलेला. समोर साडेसोळा इंचांवर हलक्या बाल्सा लाकडाची पातळ फळी ठेवली होती. इशारा मिळाला की ठोसा मारायचा. इशाऱ्यापासून फळी फुटेपर्यंत ०.१९ सेकंद गेले. त्यातला मुठीचा प्रवास फक्त ०.०४ सेकंदाचा, चार शतांश. उरलेले ०.१५ सेकंद कशात गेले? इशारा डोळ्यांतून मेंदूत पोचण्यात, तिथून हुकूम खांद्यापर्यंत येण्यात, स्नायू ताणले जाण्यात.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. अलीच्या मेंदूला हलायला ०.१५ सेकंद लागले, अलीच्या मुठीला पोचायला ०.०४. म्हणजे अलीसमोर दुसरा अली उभा केला असता आणि त्याने मूठ निघालेली पाहून बचाव करायचं ठरवलं असतं, तर ठोसा तोंडावर बसून गेल्यानंतर ०.११ सेकंदांनी त्याचा हात हलायला सुरुवात झाली असती. अलीचा जॅब अलीलाही अडवता आला नसता.

तुमची-आमची अवस्था तर त्याहून वाईट. दिवा लागला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामाला निरोगी तरुण माणसाला ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो हलतो त्याला नियमाने चुकीची सुरुवात केल्याबद्दल बाद ठरवतात. इतक्या लवकर ऐकून हलणं माणसाला जमणारच नाही, त्याने आधीच अंदाज बांधला असणार, असं नियम गृहीत धरतो. ॲथलेटिक्समध्ये ज्याला अपराध मानतात, तेच बॉक्सिंगमध्ये जगण्याचं एकमेव साधन आहे. ठोसा पाहून अडवता येत नाही. तो येण्याआधी ओळखावा लागतो.

म्हणून ‘कोणता ठोसा अडवायला सगळ्यात अवघड?’ या प्रश्नाचं सहज सुचणारं उत्तर, ‘सगळ्यात लवकर पोचतो तो’, हे आकड्यांपुढे टिकत नाही. जॅब सगळ्यात कमी अंतर कापतो, कमी तयारीत निघतो. हिशेबाने तोच सगळ्यात जास्त बसायला हवा. प्रत्यक्षात काय होतं ते २ मे २०१५ला लास वेगासमध्ये मेवेदर आणि पॅकियाओ हे दोन नामांकित बॉक्सर लढले तेव्हा मोजलं गेलं. पॅकियाओने बारा फेऱ्यांत १९३ जॅब मारले, बसले १८. दर शंभरात नऊ. त्याचेच बाकीचे ठोसे, म्हणजे कडेने येणारा हूक, मागच्या हाताचा सरळ क्रॉस, खालून येणारा अपरकट सगळे मिळून २३६ मारले आणि ६३ बसले, शंभरात सत्तावीसच्या आसपास. मेवेदरचं पारडं अर्थात जड होतं. त्याचे २६७ पैकी ६७ जॅब बसले आणि १६८ जोरदार ठोशांपैकी ८१. हातघाईचे ठोसे जवळजवळ निम्मे बसले, जॅब चौथा हिस्सा. (हे मोजणारे लोक रिंगणाशेजारी बसून बटणं दाबतात, एकेका बॉक्सरला एकेक माणूस. तेव्हा शेवटच्या अंकापर्यंत विश्वास ठेवू नका. पण इतकी मोठी दरी बोटांच्या चुकीने पडत नाही.)

सगळ्यात लवकर पोचणारा ठोसा सगळ्यात जास्त वाया जातो, हे विचित्रच वाटतं. याचं उत्तर पुन्हा अंतरात आहे. अलीच्या जॅबसारख्या, सेकंदाला साडेदहा मीटर धावणाऱ्या मुठीपासून ०.१५ सेकंदांची मोकळीक मिळवायची तर तिच्यापासून आणखी दीड मीटर लांब उभं राहावं लागेल. तेवढ्यावरून हात पोचतच नाही. मारणाऱ्याला आधी पाऊल पुढे टाकावं लागतं, आणि पाऊल टाकणं हे मूठ फेकण्यापेक्षा कितीतरी सावकाश होतं आणि दिसतंही. शहाणा बॉक्सर जॅब अडवतच नाही, तो जॅबच्या आधीचं पाऊल अडवतो. मेवेदरने पॅकियाओला बारा फेऱ्या पाऊल टाकायला भाग पाडलं. १९३ जॅबमधले १७५ हवेत, हातमोज्यांवर नाहीतर खांद्यावर गेले ते या हिशेबाने.

आता हा हिशेब आपल्या मुलखात आणू. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला, पण बॉक्सिंगच्या बाबतीत नजर अजून अकोल्याकडेच लागते, कारण राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकायचं तर ती अकोल्यात आहे. शालेय स्पर्धांचा रस्ताही तसाच: आधी जिल्हा, मग अमरावती विभाग, त्यात वाशिम, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, अमरावती असे पाच जिल्हे, आणि पुढे राज्य. कुस्तीच्या या पट्ट्यात हातमोजे घालून कोण पुढे येणार, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन नावं पुरेत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याचा अनंता चोपडे जुलै २०१९मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलो गटात सुवर्णपदक घेऊन आला. मेरी कोमनेही त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकलं होतं. आणि नागपूरची अल्फिया पठाण एप्रिल २०२१मध्ये पोलंडच्या किएल्त्से शहरात ८१ किलोंवरच्या गटात युवा विश्वविजेती झाली, अंतिम सामना ५-०. पुढच्याच वर्षी कझाकस्तानात एलोर्दा कपमध्ये तिने लज्जत कुंगेइबायेवा या माजी विश्वविजेतीला तिच्याच घरी हरवलं.

एकाचं वजन ५२, दुसरीचं ८१च्या वर. दोघांच्या ठोशांत फरक किती असेल? त्या दोघांचे ठोसे मोजलेले नाहीत, पण ऑलिम्पिक दर्जाच्या बॉक्सरांचे मोजले आहेत. अमेरिकेतल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंतच्या सात बॉक्सरांनी यंत्र बसवलेल्या डमीच्या तोंडावर सरळ ठोसे मारले. सगळ्यात हलका ठोसा १,९९० न्यूटन, सगळ्यात जड ४,७४१ न्यूटन. न्यूटन हे एकक सोयाबीनच्या जिल्ह्यात कोणाच्या तोंडी नसतं, म्हणून क्विंटलमध्ये सांगतो: हलक्यात हलका ठोसा दोन क्विंटलचा, जडात जड पावणेपाच क्विंटलचा. तोही दहा औंसांच्या, म्हणजे २८३ ग्रॅमच्या किंवा त्याहून थोड्या जड हातमोज्यातून. अर्थात हा भार क्षणभराचाच असतो. ब्रुनोच्या ठोशाचा जोर स्पर्श झाल्यापासून १४ सहस्रांश सेकंदांत शिखरावर पोचला होता.

खरी गंमत पुढे आहे. हा जोर वाढतो तो मुठीच्या वेगामुळे नाही. त्या अभ्यासात मुठीचा सरासरी वेग सेकंदाला ९.१ मीटर होता आणि वजनगट चढत गेले तसा वाढला तो मुख्यतः मुठीमागचा भार, म्हणजे हातासोबत खांदा, कंबर, पाठ यांचं किती वजन आत उतरतं ते. याचा अर्थ बचाव करणाऱ्याच्या डोळ्यांना हलक्या गटातल्याने दिलेली मुदत आणि जड गटातल्याने दिलेली मुदत यांत फारसा फरक नसतो. फरक असतो तो मुदत चुकल्यावरच्या दंडात.

भार आत उतरवायचा म्हणजे तो पायातून आणावा लागतो. १९८०च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी सव्वाशेएक बॉक्सर तपासले. पट्टीच्या बॉक्सरांच्या ठोशातला सुमारे ३८ टक्के जोर पायांतून येत होता, हाताचा वाटा जेमतेम २४ टक्के. नवशिक्यांमध्ये पायांचा वाटा १६-१७ टक्क्यांवर घसरलेला आणि हाताचा ३८. नवशिका हाताने मारतो, जाणता जमिनीने मारतो. इंग्लंडमध्ये २०००च्या सुमारास झालेल्या दुसऱ्या मोजणीत अव्वल बॉक्सरांच्या मागच्या हाताचा ठोसा सरासरी ४,८०० न्यूटन भरला, नवशिक्यांचा २,३८१. बरोबर दुप्पट. आणि अव्वल बॉक्सरांचा पुढच्या हाताचा ठोसा २,८४७. म्हणजे कसलेल्या माणसाचा डावा जॅबसुद्धा नवख्याच्या पूर्ण ताकदीच्या उजव्यापेक्षा जड. पहिल्या महिन्यात पोरं रिंगणात का रडतात ते या एका आकड्यात आहे.

पण जमिनीतून जोर आणण्याची किंमत असते. मागची टाच उचलते, गुडघा वळतो, कंबर फिरते, खांदा सुटतो, आणि मग कुठे मूठ निघते. ही साखळी समोरच्याला दिसते. जितका जोर जास्त तितकी चुगली आधी. म्हणून मागच्या हाताचा क्रॉस भयंकर असूनही कसलेला बॉक्सर तो चुकवू शकतो. तो मुठीकडे पाहत नसतो. खांदा, छाती, कंबर यांच्यावर त्याची नजर सैल पसरलेली असते, कारण मूठ निघण्याच्या आधीचा तो अल्प काळ हीच त्याची सगळी पुंजी. सरावात कोच ‘गार्ड वर ठेव ना बे!’ म्हणून ओरडतो, तो याच कारणाने: ओळखायला चुकलास तर निदान हात आधीपासून तिथे असू दे.

आता हूककडे वळू. इथे आकडे एकदम उसळी मारतात. अकरा ऑलिम्पिक बॉक्सरांनी डमीवर मारलेल्या ठोशांमध्ये हूकचा वेग सगळ्यात जास्त निघाला, सेकंदाला ११ मीटर, आणि सरासरी जोरही सगळ्यात जास्त, ४,४०५ न्यूटन. साडेचार क्विंटल. डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या ७१ पट. त्याहून वाईट म्हणजे हूक डोकं मागे ढकलत नाही, गरकन फिरवतो. मेंदूला इजा करण्यात हा फिरवणारा झटका फार मोठा वाटा उचलतो.

आणि हूक येतो कुठून? कडेने. माणसाची नजर साधारण १८० अंश व्यापते खरी, पण स्वच्छ, बारीक दिसतं ते मधल्या फक्त एक-दोन अंशांत. हातभर अंतरावर, म्हणजे साठ सेंटिमीटरवर, दोन अंश म्हणजे दोन सेंटिमीटर. एवढ्याशा खिडकीतून स्वच्छ जग बघायचं आणि पंधराएक सेंटिमीटर रुंदीचा हातमोजा नजरेच्या काठावरून आत येणार. काठावर हालचाल कळते, नक्की काय आहे ते कळत नाही. अपरकट तर खालून येतो, आणि बऱ्याचदा आपलेच वर धरलेले हात त्याला झाकतात. बचावासाठी उभारलेल्या भिंतीआडूनच चोर शिरावा, तसा.

जगातल्या सगळ्यात चपळ माणसालाही हूकनेच पाडलं. ८ मार्च १९७१, न्यूयॉर्क, पंधरावी फेरी: जो फ्रेझरचा डावा हूक अलीच्या जबड्यावर बसला आणि अली पाठीवर कोसळला. चार शतांश सेकंदांचा जॅब मारणारा तो हाच. अली लगेच उठलाही, पण सामना गेला. चौदा फेऱ्या फ्रेझर तोच हूक मारत होता. अलीला तो येणार हे ठाऊक होतं, हा त्या रात्रीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा मुद्दा. कोणता ठोसा येणार हे माहीत असणं पुरत नाही, तो आत्ता येणार हे माहीत असावं लागतं.

माझं मत विचाराल तर अडवायला सगळ्यात अवघड ठोसा डावा हूकच, पण डोक्यावरचा नव्हे, यकृतावरचा. यकृत सुमारे दीड किलोचं, उजव्या बरगड्यांच्या आडोशाला. समोरच्याचा डावा हात नेमका तिथे पोचतो. त्याचं रक्षण करायला एकच गोष्ट आहे, आपलं उजवं कोपर. आणि त्याच उजव्या हाताच्या मुठीला जबड्याचंही रक्षण करायचं असतं. डावा हूक डोक्यावर येतोय असं वाटलं की मूठ दहा सेंटिमीटर वर जाते, तिच्यासोबत कोपरही वर जातं, आणि दार उघडतं. डोक्याचा हूक आणि यकृताचा हूक यांची सुरुवात सारखीच दिसते: तोच खांदा, तीच कंबर. कुठला ते कळेपर्यंत वेळ संपलेला असतो. १८ सप्टेंबर २००४ला बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर दे ला होयाला नवव्या फेरीत असाच बाद केला. तोवर व्यावसायिक कारकिर्दीत दे ला होयाला कोणी नॉकआउट केलं नव्हतं. यकृताच्या माराची आणखी एक खोड म्हणजे वेदना लगेच येत नाही. ठोसा बसतो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पाय जागेवर राहत नाहीत. डोकं शाबूत असतं, इच्छा असते, दहा अंक मोजलेले स्पष्ट ऐकू येतात, उठता येत नाही.

बरं, हे सगळं एकेका ठोशाबद्दल झालं. पण एकटा ठोसा मारतं कोण? बॉक्सिंगमध्ये मूळ ठोसे सहा मानतात: जॅब, क्रॉस, दोन हातांचे दोन हूक आणि दोन अपरकट. प्रत्येक डोक्यावर किंवा धडावर, म्हणजे बारा. तीन ठोशांची मालिका कागदावर १,७२८ प्रकारे रचता येते. चार ठोशांची २०,७३६. पाचांची २,४८,८३२. सहा ठोशांची २९,८५,९८४. २०११च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. सहा ठोशांच्या मालिका जिल्ह्यातल्या प्रत्येकाला, पाळण्यातल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, दोन-दोन वाटल्या तरी सहा लाखांच्या आसपास उरतील.

अर्थात कागद सगळं सोसतो. एकाच हाताने सलग सहा अपरकट कोणी मारत नाही. एक हात गेला की दुसरा यायचा, अशी अट घातली तर पाच ठोशांच्या मालिका १५,५५२वर येतात. हे आवाक्यातलं वाटतं, पण बचाव करणाऱ्याच्या डोक्यात तेवढ्या बसत नाहीत. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२मध्ये दिवे आणि कळा घेऊन दाखवून दिलं की पर्याय दुप्पट झाले की प्रतिसादाच्या वेळेत दरवेळी सारखीच भर पडते, एकेका दुपटीला ढोबळमानाने दशांश सेकंद किंवा थोडं जास्त. एका पर्यायाला ०.२ सेकंद लागत असतील तर बारा पर्यायांना, साडेतीन दुपटी धरून, अर्ध्या सेकंदाच्या पुढे. अर्ध्या सेकंदात ब्रुनोचे पाच ठोसे होतात, अलीचे बारा जॅब बसतात. (इतक्या वेगाने मूठ परत आणून पुन्हा मारता येत नाही, पण हिशेब म्हणून बघा.) सराव म्हणजे हेच: बाराचे तीन करणं. समोरचा अमुक अंतरावर, अमुक पायावर असेल तर नऊ ठोसे शक्यच नाहीत, हे अंगात भिनवणं.

आणि हे भिनवलेलं उलटवण्यासाठी फेंट आहे, म्हणजे हुलकावणी. खांदा हलवायचा, ठोसा मारायचाच नाही. प्रत्येक ठोसा खरा किंवा खोटा धरला तर बाराचे चोवीस होतात आणि तीनच ठोशांच्या मालिका १,७२८वरून १३,८२४वर जातात. आठपट, तेही एकही जास्तीचा ठोसा न मारता. हुलकावणीत शक्ती खर्च होत नाही, धोका कमी, आणि समोरच्याचा एक निर्णय फुकट जातो. अडवायला सगळ्यात अवघड काय, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं: न मारलेला ठोसा. त्याला तुम्ही बरोबर उत्तर दिलंत की पुढच्याला उत्तर द्यायला हात उरत नाही.

डावखुऱ्यांचं गणितही याच जातीचं. लोकसंख्येत डावखुरे साधारण दहा टक्के. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पुरुष व्यावसायिक बॉक्सरांमध्ये ते सुमारे १७ टक्के निघाले. डाव्या हातात काही वेगळी ताकद नसते. उजवा बॉक्सर सरावात दहापैकी आठ-नऊ वेळा उजव्याशीच लढलेला असतो, त्यामुळे त्याने भिनवलेले अंदाज डावखुऱ्यासमोर उलटे पडतात. कोन बदलला, पुढचा पाय बदलला, आणि वर्षानुवर्षांची पुंजी बुडाली. पॅकियाओ डावखुऱ्या पवित्र्यानेच लढायचा, तरी मेवेदरपुढे चाललं नाही, हेही खरं. एका रात्रीच्या आकड्यांवर नियम बांधू नयेत.

एक हिशेब मला फार आवडतो. हौशी बॉक्सिंगचा सामना तीन फेऱ्यांचा, प्रत्येकी तीन मिनिटं, एकूण ५४० सेकंद. समजा एकेका बॉक्सरने फेरीला साठ ठोसे मारले. झाले १८०. एकेका ठोशाचा प्रवास अलीच्या मोजणीने ०.०४ आणि ब्रुनोच्या मोजणीने ०.१ सेकंद. म्हणजे नऊ मिनिटांच्या सामन्यात एका बॉक्सरची मूठ समोरच्याच्या दिशेने प्रत्यक्ष धावत असते ती सगळी मिळून सात ते अठरा सेकंद. दोघांची बेरीज केली तरी छत्तीसच्या वर जात नाही. उरलेल्या पाचशेहून जास्त सेकंदांत काय चालतं? खांदे वाचणं, अंतर तोडणं, हुलकावण्या, पाय लावणं. आपण तिकीट काढून जे बघायला जातो ते सगळं त्या थोडक्या सेकंदांत घडतं, आणि सामना जिंकला-हरला जातो तो उरलेल्यांत. त्यात पापण्यांचाही घोळ आहे. माणूस मिनिटाला पंधराएक वेळा डोळे मिचकावतो, दरवेळी सव्वा दशांश सेकंद किंवा त्याहून जास्त. नऊ मिनिटांत हे सहज सतरा सेकंदांवर जातं. एकाग्र झालेला माणूस कमी मिचकावतो, म्हणून बॉक्सरचा आकडा खाली येईल. पण बघणाऱ्यांचा येत नाही.

बघणाऱ्यांना नेमकं काय दिसतं याचा पुरावा २५ मे १९६५ला मेन राज्यातल्या ल्युइस्टन या छोट्या शहरात मिळाला. अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत आखूड उजव्या ठोशाने पाडलं. हॉलमध्ये २,४३४ प्रेक्षक होते, हेवीवेट विश्वविजेतेपदाच्या सामन्याला इतके कमी लोक क्वचितच आले असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना ठोसा दिसलाच नाही. ‘फसवणूक, फसवणूक’ असा गदारोळ झाला. चित्रफितीत ठोसा आहे. तो लिस्टनला झोपवण्याइतका जड होता का, यावर अजून भांडणं होतात. पण ठोसा होता.

प्रेक्षकांचं सोडा, ज्यांना पैसे देऊन बघायला बसवलेलं असतं त्यांचं काय? १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम सामन्यात कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे मारले, त्याला ३२ बसले, आणि पाचपैकी तीन परीक्षकांनी पार्कला विजयी ठरवलं. याच ऑलिम्पिकमध्ये आपला मनोज पिंगळे फ्लायवेट गटात आणि शाहूराज बिराजदार बँटमवेट गटात उतरले होते. हलक्या गटांत ठोशांचा पाऊस जास्त, आणि मोजायला बसवलेले डोळे तेच. त्या बदनामीनंतर यंत्र आणलं गेलं. १९९२च्या बार्सिलोनापासून प्रत्येक परीक्षकासमोर लाल-निळी बटणं ठेवली. ठोसा बसलेला दिसला की बटण दाबायचं, आणि पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं तरच गुण.

एक सेकंद. ब्रुनोच्या हिशेबाने त्यात दहा ठोसे मावतात, अलीच्या हिशेबाने पंचवीस. तीन माणसांनी त्या सेकंदात एकच ठोसा बघायचा, ओळखायचा आणि बोट दाबायचं. आखूड ठोसे, जवळून मारलेले हूक, धडावरचे ठोसे या चाळणीतून गळून पडायला लागले, कारण ते तिघांना एकदम दिसत नव्हते. लांबून मारलेला, स्वच्छ, डोक्यावरचा सरळ ठोसा तेवढा मोजला जायचा. बॉक्सरांनीही तसंच खेळायला सुरुवात केली. एकवीस वर्षं हा कारभार चालला. २०१३मध्ये बटणं काढून टाकली. आता परीक्षक ठोसा मोजत नाहीत. तीन मिनिटं बघतात आणि फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण देतात.